पायाळूची साक्ष

फ्रँक डोबी हे टेक्ससमधले लोकसाहित्याचे अभ्यासक. १९३० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कोरोनाडोज् चिल्ड्रन’ हे पुस्तक मी गेल्या उन्हाळ्यात प्रथमच सलग वाचले. हरवलेल्या खाणी आणि पुरलेले खजिने यांच्या कथांचा हा संग्रह आहे. त्यात सर्वांत ठळक आहे ती सान साबाची चांदीची खाण. स्पॅनिश लोकांनी १७५६ साली त्या मुलखात खनिजाचा शोध घेतला, पुढे तिथे एक ठाणे आणि धर्मकेंद्र वसवले. १७५८ साली कोमांची आणि त्यांच्या साथीदारांनी ते धर्मकेंद्र जाळले. एवढा इतिहास. त्यानंतर दीडशे वर्षे माणसे त्या वाटांवर चांदी शोधत राहिली. जेम्स बोवीला ती सापडली होती म्हणतात, पण बोवी १८३६ साली अलामोच्या लढाईत मारला गेला आणि गुपित त्याच्याबरोबर गेले. बोल्टन या इतिहासकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या कागदांवरून मूळ खाणीची जागा निश्चित केली, तेव्हा तिथे सांगण्यासारखी चांदी नव्हती. तरीही शोध थांबला नाही.

पुस्तक वाचताना एक गोष्ट ध्यानात येत गेली. जवळजवळ प्रत्येक कथेत तीन गोष्टी असतातच: एक जीर्ण कागद, एक हट्टी माणूस, आणि ‘मी स्वतः पाहिले आहे’ असे सांगणारा एक साक्षीदार. हा साक्षीदार बहुधा पुन्हा त्या जागी पोहोचू शकत नाही.

आमच्या अचलपूरच्या घरात हे तिन्ही होते. कागद म्हणजे मोडीतले एक बाड. हट्टी माणूस म्हणजे माझे काकाजी. साक्षीदार मी होतो, आणि मी खोटे बोललो होतो.

काकाजी सरकारी कचेरीत नकलनवीस होते. दिवसभर दुसऱ्याचे कागद उतरवून काढायचे हा त्यांचा व्यवसाय, आणि त्यामुळे कागदावर जे आहे ते खरे, ही त्यांची धारणा. मोडी त्यांना आजोबांकडून आली होती. संध्याकाळी कंदिलापाशी बसून ते स्वतःचे बाड लिहीत. त्याला ते ‘बीजक’ म्हणत. (बीजक म्हणजे पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा लेख, कबीराच्या वाणीच्या संग्रहाला ‘बीजक’ हे नाव याच अर्थाने मिळाले असे मानतात. हे मला फार पुढे, शिकवायची वेळ आली तेव्हा कळले.) बाडाचा विषय एकच: एलिचपुराहून गाविलगडाकडे चढणाऱ्या आणि पुढे सातपुडा ओलांडून बैतुलाकडे उतरणाऱ्या जुन्या वाटेवर कुठेतरी चांदीची खाण आहे.

त्यांचा युक्तिवाद आज तपासून पाहिला तर तो वेड्याचा वाटत नाही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी कड्याहून निघाला, सातपुड्याच्या या बाजूला एलिचपुरास येऊन थांबला, आणि चुलत्यावर रुसून आपण राजमहेंद्रीच्या राजाच्या चाकरीला चाललो आहोत अशी आवई उठवून देवगिरीवर गेला. रामदेवराय यादवांनी जो तह केला त्याचे आकडे फिरिश्ता देतो: सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण रत्ने, एक हजार मण चांदी, चार हजार रेशमी वस्त्रे. शिवाय एलिचपूर प्रांताचा वसूल दरसाल दिल्लीला. काकाजींनी या आकड्यांतला एकच आकडा निवडला होता. हजार मण चांदी. सोने व्यापारातून येईल, मोती समुद्रातून येतील, पण एवढी चांदी कुठून आली? आणि खंडणी म्हणून नेमके एलिचपूरच का मागितले? ज्याने मागितले त्याला खाण ठाऊक होती, म्हणून.

फिरिश्ता त्या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता आणि त्याचा मण म्हणजे किती वजन हेही त्या ओळीवरून ठरत नाही, या आक्षेपांचे त्यांना काहीच वाटले नसते. नकलनवीसाला मूळ प्रतीवर शंका घेण्याची मुभा नसते.

त्यांचा दुसरा पुरावा ऐन-ए-अकबरीचा. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात अबुल फजल एलिचपूरपासून सात कोसांवरच्या गाविल किल्ल्याची दुर्भेद्यता सांगतो आणि तिथे एक झरा असून त्याच्या पाण्याने पोलादी हत्यारांना पाणी देतात असे नोंदवतो. हत्याराला पाणी देणे ही लोहाराची साधी क्रिया. तापलेले पाते पाण्यात बुडवून कठीण करायचे. काकाजींनी मात्र त्याचा अर्थ ‘धातू वाहून आणणारे पाणी’ असा लावला. तिसरा पुरावा टांकसाळीचा: मुघल काळात एलिचपुरास टांकसाळ होती, तिथले चांदीचे रुपये आजही नाणेसंग्राहकांकडे दिसतात. खाण नाही तर टांकसाळ कशाला? चौथा पुरावा मला सगळ्यांत जास्त आवडतो. गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेले आहे, दोन तोंडांचा पक्षी. काकाजींच्या मते तो पक्षी म्हणजे नकाशा होता. एक धड आणि दोन माना, म्हणजे एक वाट जिथे दोहोंत फुटते ती जागा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही वाचनपद्धती अपरिचित वाटू नये. आपण वर्गात कवितेचे जे करतो तेच ते होते. प्रत्येक खूण अर्थपूर्ण, एकही शब्द वाया जाणारा नाही, आणि सगळ्या खुणा एकाच दडलेल्या अर्थाकडे नेणाऱ्या.

खरे उत्तर पाठ्यपुस्तकातले आहे. गाविलगडाचे डोंगर बहुतांशी काळ्या बेसाल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे. चांदी मिळते ती मुख्यतः शिशाच्या धातुकाबरोबर. तशी ती राजस्थानात उदयपूरजवळ जावरला मिळाली. आमच्या काळ्या खडकात ती सापडण्याचे कारण नाही. मुघलांच्या टांकसाळींत पडणारी चांदी बरीचशी समुद्रावरून येई. १५४५ साली दक्षिण अमेरिकेत पोतोसीचा डोंगर सापडला, तिथली चांदी स्पेनला, स्पेनहून युरोपभर, आणि कापूस, नीळ, कापड यांच्या मोबदल्यात सुरतेला. परकी नाणे इथे चालत नसे. ते वितळवून रुपया पाडावा लागे, सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. म्हणजे एलिचपूरच्या एखाद्या रुपयातली चांदी त्याच स्पॅनिश लोकांनी खणलेली असू शकेल, ज्यांची खाण डोबींची माणसे शोधत होती. काकाजींची खाण होती, पण ती सातपुड्यात नव्हती. यादवांची चांदी अर्थात पोतोसीच्या आधीची; तीही व्यापाराच्या आणि लुटीच्या वाटांनी साचलेली असणार.

आता माझ्याविषयी. मी पायाळू जन्मलो, म्हणजे पाय आधी बाहेर आले. आमच्याकडे पायाळू मुलाला दोन कामे असतात. पाठीत चमक भरलेल्या माणसाच्या पाठीवर त्याने पाय लावायचा. आळीतली निम्मी माणसे माझ्यासमोर पालथी पडलेली मला आठवतात, आणि त्याबद्दल गुळाचा खडा मिळे. दुसरे काम क्वचित सांगितले जाई. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला जमिनीखालचे धन दिसते. पायाळूवर वीज पडते असेही म्हणत, त्यामुळे पावसाळ्यात माय मला ओसरीवरदेखील येऊ देत नसे.

१९६७ साली मी नऊ वर्षांचा होतो. थंडीतली अमावास्या. काकाजींनी मायला काय सांगितले कोण जाणे. आम्ही परतवाड्यापर्यंत टांग्याने, तिथून एका ओळखीच्या बैलगाडीने डोंगराच्या पायथ्याशी आणि पुढे पायी गेलो. एका कोरड्या नाल्यात, जिथे पायवाट दोहोंत फुटत होती, तिथे ते थांबले. डबीतले काजळ बोटाने माझ्या डोळ्यांत घातले. ते झोंबले, डोळे गळू लागले. नारळ, हळद, कुंकू एवढेच होते. यापेक्षा अघोरी काही नव्हते, हे इथेच सांगून टाकतो. मग ते माझ्या मागे उकिडवे बसले आणि अत्यंत हळू आवाजात म्हणाले, “पाय बापू नीट. काय दिसते तुले?”

मला काही दिसत नव्हते. काळोख आणि पाणावलेल्या डोळ्यांत थरथरणारी कंदिलाची वात. पण मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्या घरात मला कोणी कधी काही विचारले नव्हते. मोठी माणसे सांगत आणि लहानांनी ऐकायचे. पहिल्यांदाच एक मोठा माणूस माझ्या उत्तराची वाट पाहत होता, आणि ‘काही नाही’ हे उत्तर त्याला द्यावेसे मला वाटले नाही.

“पांढरं दिसते, काकाजी,” मी म्हणालो.

“कुठी?”

मी हात लांब केला. कुठल्याही दिशेला केला असता.

दुसऱ्या दिवशी उजेडात तिथे खरोखरच पांढरे दगड निघाले. बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइटचे स्फटिक असतात. मेळघाटाच्या वाटांवर गुराख्यांची पोरे ते वेचतात. काकाजींना तो खाणीचा माथा वाटला. त्यानंतर तीन हिवाळे ते तिथे खणत राहिले, आधी रजा काढून, मग बिनपगारी. मजुरी द्यावी लागे. पहिल्या वर्षी काकूचे तोडे आणि वाळे गेले. घरात होती नव्हती ती चांदी अशी चांदी शोधण्यात गेली. तिसऱ्या वर्षी वावर विकले.

या काळात ते अत्यंत कायदेशीर वागले, हे सांगितलेच पाहिजे. १८७८ चा भूमिगत धनाचा कायदा त्यांनी बाडात संपूर्ण उतरवून घेतला होता. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवावे लागते. काही वेगळे ठरले नसेल तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. कळवण्याच्या अर्जाचा मसुदा तयार होता. त्यात फक्त वजनाची जागा कोरी होती. खाण आणि पुरलेले धन या कायद्याच्या दृष्टीने दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यांच्या नजरेतून सुटले.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अमानुष कृत्यांचा उल्लेख आहे. ते कलम मी वाचले तेव्हा बराच वेळ हातातला कागद खाली ठेवता आला नाही. पायाळू मुले गुप्तधनापायी कशी वापरली जातात हे ज्याने वाचले आहे त्याला कळेल की मी किती स्वस्तात सुटलो. माझ्या वाट्याला काजळ आले. काकाजी भाविक नव्हते, क्रूर तर नव्हतेच. ते पुराव्यावर विश्वास ठेवणारे होते, आणि मी त्यांच्या हाती लागलेला शेवटचा पुरावा होतो.

विकलेले वावर चमकच्या वाटेवर होते. चमक हे अचलपूरच्या नैर्ऋत्येस दोनेक कोसांवरचे गाव. काकाजींना या नावाचेही आकर्षण होते. चमक म्हणजे चकाकी. चकाकी म्हणजे अर्थातच चांदी. वस्तुतः त्या गावी जमिनीतून खरोखरच धन निघाले होते, १८६८ च्या सुमारास, शेत नांगरताना. सात ताम्रपट. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या राजवटीच्या अठराव्या वर्षी दिलेले दान त्यावर कोरले आहे: भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव, आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना. चर्मांकाचे चमक झाले. चकाकीचा संबंध नाही. असलाच तर चामड्याशी. फ्लीट यांनी १८८८ साली गुप्तकालीन लेखांच्या संग्रहात हा लेख छापला.

त्या लेखात एक विलक्षण अट आहे. दान चंद्रसूर्य असेतो चालेल, पण ब्राह्मणांनी राज्याशी द्रोह करू नये, हत्या, चोरी, व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांशी युद्ध करू नये. केल्यास राजाने जमीन परत घेतली तरी ती चोरी ठरणार नाही. पंधराशे वर्षांपूर्वीचा राजा दान देताना एवढा सावध होता. मला शिकवताना या अटीचे नेहमी अप्रूप वाटत आले. पण ज्या वाटेवर हा लेख नांगराला अडकला त्याच वाटेवरचे आमचे वावर एका मुलाच्या साक्षीवर विकले गेले, ही गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.

शब्दांनी चकवा देण्याची या गावाची खोड जुनी आहे. एलिचपूर हे नाव ईल राजावरून पडले असे लहानपणी सगळे सांगत. हा राजा जैन होता, त्याची आणि शाह अब्दुल रहमान गाझींची लढाई झाली, दर्गा आजही आहे. कथा भरजरी आहे. पण हेमचंद्राने बाराव्या शतकात, आपल्या प्राकृत व्याकरणात, ‘अचलपुर’ या शब्दात च आणि ल यांची अदलाबदल होते असा स्वतंत्र नियमच सांगितला आहे. अचलपुराचे अलचपुर. महानुभावांच्या ग्रंथांत ते आळजपूर होते, फार्सी कागदांत एलिचपूर. एका वर्णविपर्ययातून एक संपूर्ण राजा जन्माला आला. ‘चमक’मधून खाण जन्माला यावी यात नवल ते काय.

(विषयांतर होते आहे, पण सातपुड्यातल्या धनाची एक खरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चितू पेंढारी १८१९ साली असीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. पेंढाऱ्यांची लूट या डोंगरांत जागोजाग पुरली आहे असे आमच्याकडे अजून बोलतात. चितूचा घोडा चरताना सापडला तेव्हा खोगिरात काय होते? अडीचशे रुपये, काही मुद्रेच्या अंगठ्या, आणि पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांची पत्रे, पुढे मोठे इनाम देण्याचे वचन देणारी. रुपयांपेक्षा त्याने कागद अधिक जपले असावेत.)

काकाजी १९८१ साली गेले. शेवटची वर्षे ते ओसरीवर बसून असत आणि डोंगराकडे पाहत नसत. खाणीचा विषय घरात निघत नसे. मीही काढला नाही. आधी भीतीने, मग सोयीने.

बाड माझ्याकडे आले ते काकू गेल्यानंतर. मोडी मी निवृत्तीनंतर शिकलो. खरे तर त्याचसाठी शिकलो. दोन महिने लागले वाचायला. गाविलगडची लढाई त्यात तपशिलाने आहे: १५ डिसेंबर १८०३, वेलस्ली दक्षिणेला, स्टीव्हन्सन धामणगाव-मोथ्याकडून तोफा हातांनी ओढत वर आलेला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला, दोन दिवसांनी देवगावचा तह. स्टीव्हन्सनच्या सैन्याने तोफांसाठी डोंगरात स्वतःच रस्ता काढला होता, हेही काकाजींनी उतरवले आहे. त्यांची ‘खाणीची जुनी वाट’ बहुधा हीच असावी, असे मला ते पान वाचताना वाटले. त्यांना तसे वाटले नाही.

मी अर्थात माझे पान शोधत होतो. अमावास्येची तीथ सापडली. नोंद दोन ओळींची आहे. नाल्यापावेतो गेलो, मुलास थंडी वाजो लागली, सबब परत फिरलो. बस. अंजनाचा उल्लेख नाही, पांढऱ्याचा नाही, माझ्या हाताच्या दिशेचा नाही. जिथे लोहाराच्या झऱ्याला आणि दगडावरच्या पक्ष्याला चार-चार पाने मिळाली, तिथे माझ्या साक्षीला एकही शब्द नाही. चार दिवसांनंतरची नोंद मात्र खणायला सुरुवात केल्याची आहे, आणि जागा तीच.

याचा अर्थ मला लागत नाही, आणि अर्थ लावणे हा माझा चाळीस वर्षांचा व्यवसाय आहे. मुलाचे बोलणे पुरावा म्हणून नोंदवण्याच्या लायकीचे त्यांना वाटले नसेल. मी खोटे बोलतो आहे हे त्यांनी ओळखले असेल आणि तरीही खणले असेल. किंवा हे पान कधी कोणाच्या हाती पडले तर पोराचे नाव त्यात नको, असे त्यांना वाटले असेल. नकलनवीस जे गाळतो ते विसरून गाळत नाही.

गेल्या दिवाळीत चुलतबहीण भेटायला आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले. साठाव्या वर्षी ती पाय पसरून भिंतीला टेकून बसली होती. ऐकून घेतले. मग म्हणाली, “दादा, तू नसतं सांगतलं तरी ते गेलेच असते. पण मायचे तोडे कितीले विकले, ते लिहिलं हाय का त्यात?”

मी बाड काढले. लिहिले होते. तोडे आणि वाळे, वजन तोळ्यांत, सराफाने दिलेली रक्कम, खाली तारीख. तिने तो आकडा मला दोनदा वाचायला लावला.